विहीणबाई ‘येते’ म्हणाल्या

माझ्या हातून आयुष्यात एकच माणूस हरवलं, आणि ते नेमकं मुलीची होणारी सासू निघालं.

तसा मी वेंधळा नाही. (हे वाक्य घरात वाचून दाखवलं तेव्हा मंगल, म्हणजे आमची सौभाग्यवती, स्वयंपाकघरातून नुसतीच हसली.) लातूरच्या एका शाळेत मी बत्तीस वर्षं भूगोल शिकवला. डोळे मिटून नकाशावर बोट टेकवलं तरी ते बरोबर पैनगंगेवर पडतं, असा माझा गावात लौकिक होता. तो मीच पसरवला होता, ही गोष्ट वेगळी. सांगायचा मुद्दा, रस्ते, नद्या आणि डोंगर यांच्या बाबतीत घरात माझा शब्द शेवटचा असायचा. बाकीच्या बाबतीत तो कुणी पहिल्यांदाही ऐकत नसे.

आमची शिवानी जर्मनीत नोकरीला आहे. तिथल्याच लुकास नावाच्या मुलाशी लग्न करायचं म्हणाली, तेव्हा मी बापानं बोलू नये ते बोललो आणि वर चार महिने अबोला धरला. फोन मंगल घ्यायची. मी शेजारी पेपर घेऊन बसायचो आणि कान फोनकडे ठेवायचो. एकदा पेपर उलटा होता, तेही मंगलनंच फोनवर शिवानीला सांगितलं. मला बोलायचं होतं, पण आधी कुणी बोलायचं यावर घोडं अडलं होतं.

शेवटी रस्ता काढला तो पोरीनंच. लुकासच्या आई उर्सुला, ग्रंथालयातून निवृत्त झालेल्या, महिनाभर भारत बघायला येणार होत्या. त्यातला शेवटचा आठवडा त्यांना सून जिथं वाढली ते गाव बघायचं होतं. शिवानी म्हणाली, “अप्पा, त्यांना तुमच्या भरवशावर पाठवतेय.” मी “पाठव” एवढंच म्हणालो. चार महिन्यांनंतर मुलीशी बोललेला तो माझा पहिला शब्द होता.

विहीणबाई आग्रा, जयपूर, वाराणसी, हंपी असं करत करत आल्या. हातात उशीएवढं प्रवासाचं पुस्तक होतं. मी ते आधी मागून घेतलं आणि शेवटची सूची काढून लातूर शोधलं. नव्हतं. नांदेड चार ओळींत उरकलेलं. उदगीरचा किल्ला, खरोशाची लेणी, कशाचाच पत्ता नाही! पुस्तक मी आदरानं परत केलं आणि त्याच रात्री स्वतःचा कार्यक्रम लिहून काढला. गंजगोलाई चाळीस मिनिटं, खरोसा दोन तास, उदगीर अर्धा दिवस, मग नांदेड, आणि शेवटी रेणुकामातेचं माहूर. प्रत्येक ठिकाणी माझ्या भाषणासाठी वेगळी वेळ राखून ठेवली होती. तो कागद मी लॅमिनेट करून आणला.

बाईंनी इकडं यायचं म्हणून आठ महिने पुण्याच्या एका शिक्षिकेकडून ऑनलाइन मराठी शिकून घेतलं होतं. पहिल्याच सकाळी त्यांनी “मला थोडं कोमट पाणी मिळू शकेल का?” असं विचारलं, तेव्हा आमच्या कामवाल्या मावशींना आत रेडिओ लागला असं वाटलं. नाव मात्र लातूरच्या हवेत टिकलं नाही. सकाळी त्या उर्सुला होत्या, दुपारी उर्सुलाबाई झाल्या आणि संध्याकाळपासून सगळी गल्ली त्यांना उर्मिलाबाई म्हणू लागली. त्यांनीही ते आनंदानं मान्य केलं. त्या स्वतःची ओळख तशीच करून द्यायला लागल्या.

आता खरी भानगड जिथून सुरू झाली ते सांगतो. दुसऱ्या दिवशी बाई फिरायला निघाल्या आणि दारातून म्हणाल्या, “मी जाते.” मंगलच्या हातातलं लाटणं थांबलं.

“जाते न्हाई म्हनायचं वो,” ती लगबगीनं बाहेर येत म्हणाली. “येते म्हनायचं.”

“पण मी तर जाते आहे,” उर्मिलाबाई म्हणाल्या.

“जातानाच येते म्हनायचं.”

“आणि येताना?”

“येताना येतेच की.”

बाई विचारात पडल्या. मग त्यांनी पर्समधून वही काढली आणि विचारलं, “मग ‘जाते’ कधी म्हणायचं?”

मंगलनं माझ्याकडं पाहिलं. मी मास्तर, मला गप्प बसवेना. घरातून निघताना ‘जातो’ म्हणणं अशुभ, आपल्याकडं गेलेला माणूस परत येत नाही, म्हणून निघताना ‘येतो’ म्हणायची रीत, यावर मी वीस मिनिटं बोललो. शेवटी समारोप म्हणून म्हणालो, “थोडक्यात, आमच्याकडे ‘जाते’ हा शब्द विसरूनच जा.” बाईंनी सगळं मन लावून टिपलं. नंतर ती वही मी पाहिली. त्यात स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं, ‘जाणे: लातूरमध्ये वापरत नाहीत. त्याऐवजी येणे.’ माझ्या शब्दाला इतकी किंमत देणारं माणूस मला बत्तीस वर्षांत वर्गात एकही भेटलं नव्हतं.

दुसरी भानगड अक्काची. मंगल उदगीरकडची. तिकडं कुणाही बाईला अक्का म्हणतात. मंगल भाजीवालीला अक्का म्हणते, शेजारणीला अक्का म्हणते, बसमध्ये जागा दिली तर तिला अक्का म्हणतेच, न देणारीलाही अक्का म्हणूनच भांडते. उर्मिलाबाईंच्या वहीत अक्का म्हणजे थोरली बहीण. तीन दिवसांत त्यांनी मंगलच्या अकरा थोरल्या बहिणी मोजल्या. माझ्या सासऱ्यांचा फोटो भिंतीवर आहे, त्याच्यासमोर त्या दोनदा आदरानं थांबलेल्या मी पाहिल्या.

माहूरला जायच्या आदल्या दिवशी आम्ही नांदेडला साडूच्या घरी मुक्काम केला. सकाळी मुजीबभाईंची जीप सांगितली होती. मुजीबभाई वीस वर्षं या भागात गाडी चालवतात आणि कमी बोलतात. मी त्यांना लॅमिनेट केलेला कागद दाखवला. जाताना भोकर-किनवटवरून जायचं आणि येताना हदगाव-अर्धापूरवरून, कारण एकच रस्ता दोनदा पाहणं हा भूगोलाचा अपमान आहे. त्यांनी कागद उलटून मागं काय आहे ते पाहिलं आणि “चलेगा सर” म्हणून गाडी सुरू केली.

गडावर गर्दी होती. दर्शनाच्या रांगेत आमच्या पुढं अर्धापूरच्या सात-आठ बायकांचा घोळका होता. मंगलचं आणि त्यांचं पाच मिनिटांत गूळपीठ जमलं. अक्का कुठल्या, अक्का लेकरं किती, अक्का हे पातळ कुठून घेतलं. त्यांच्यातल्या म्होरक्या गिरजाक्का, जाडजूड, खणखणीत आवाजाच्या. मंगलनं त्यांना उर्मिलाबाईंची ओळख करून दिली, “ह्या आमच्या होनाऱ्या विहीनबाई.” आणि उर्मिलाबाईंना सांगितलं, “ह्या अक्का.” बाईंनी वाकून नमस्कार केला. एकदम सात थोरल्या बहिणी भेटल्यावर कुणीही वाकेल.

दर्शन छान झालं. प्रसादाचा तांबूल, म्हणजे कुटलेला विडा, बाईंना इतका आवडला की त्यांनी तीनदा घेतला. तोंड लालभडक झालं आणि अर्धा विडा ड्रेसवर सांडला. पायऱ्या उतरताना त्या बांगड्यांच्या दुकानापाशी रेंगाळल्या. मी कागद पाहिला. आम्ही सतरा मिनिटं मागं पडलो होतो आणि निर्मळच्या डोंगररांगांवरचं माझं भाषण व्हायचं होतं. मी चालत चालतच सुरू केलं. मागून बाईंचा आवाज आला, “सर, मी येते.” मी हात हलवला आणि बोलतच खाली उतरलो. शेवटच्या पायरीवर वळून पाहिलं, तेव्हा माझं भाषण एक माकड आणि शेंगदाणे विकणारी एक म्हातारी ऐकत होती. मंगल पुढं गाडीत जाऊन बसली होती. उर्मिलाबाई कुठंच नव्हत्या.

घाबरण्यासारखं काही नव्हतं. मी फोन लावला.

“उर्मिलाबाई, कुठं आहात?”

“सर, मी येते,” त्या अगदी शांतपणे म्हणाल्या.

“या, या. सावकाश या. आम्ही आहोत इथं.”

मंगलला सांगितलं, येऊन राहिल्या, म्हणजे येतायत. आम्ही झाडाखाली बसून दशम्या सोडल्या. अर्धा तास झाला. दशम्या संपल्या, चटणी संपली, बाई आल्या नाहीत. मुजीबभाई वर जाऊन सगळी दुकानं बघून आले. नुसती मान हलवली. मग मी मंदिराच्या कार्यालयात गेलो आणि भोंग्यावरून पुकारा करायची विनंती केली. तिथल्या गृहस्थांनी नाव विचारलं. मी सवयीनं सांगितलं, “उर्मिलाबाई.”

पाच मिनिटांत तीन उर्मिलाबाई हजर! एक पुसदच्या, एक आदिलाबादच्या, आणि तिसऱ्या तिथंच पायरीवर बसलेल्या, ऐकायला कमी येणाऱ्या. त्यांचं नाव उर्मिला नव्हतंच, पण कुणीतरी बोलावतंय म्हटल्यावर आल्या होत्या. पुसदच्या बाई तर भांडायलाच उठल्या की माझा नवरा समजून मी पळत आले, तुम्ही कोण? मी तिघींची माफी मागितली. खरं नाव सांगून पुन्हा पुकारा करायला लावला, तर भोंग्यातून ते ‘उसळवाला’ असं काहीतरी ऐकू आलं. त्यावर कुणीच आलं नाही.

परवा हैदराबादहून बाईंचं विमान होतं. परका मुलूख, साठीची बाई, डोंगर, माकडं. आणि हे सगळं बाजूला ठेवलं तरी एक गोष्ट बाजूला ठेवता येत नव्हती. पोरीनं चार महिन्यांनी माझ्याकडं एकच मागणं मागितलं होतं. यांना काही झालं तर मी तिला कुठल्या तोंडानं सांगणार होतो? आधीच ‘माझ्या वडिलांना तुम्ही पसंत नाही’ हे त्या घरात पोचलेलं होतं. आता लोक म्हणतील, पसंत नव्हती म्हणून डोंगरावर सोडून आला!

आणि नेमका त्याच वेळी शिवानीचा फोन आला.

“अप्पा, कुठे आहात?”

“गडावर. मस्त चाललंय,” मी म्हणालो.

“आई कुठे आहेत?” लुकासच्या आईला ती आई म्हणते.

“ह्या काय, समोरच. देवीपुढं डोळे मिटून बसल्यात. आत्ता बोलवता येणार नाही.”

मग ती “बरं” म्हणाली. ते ‘बरं’ मला बरं वाटलं नाही. त्यानंतर दोन तासांत तिचे चार फोन आले आणि मी चारही कापले. दर वेळी मंगल म्हणायची, घ्या की वो, पोर हाय, आणि मी म्हणायचो, घेऊन सांगू काय?

मध्येच एकदा बाईंना पुन्हा फोन लागला. आवाज तुटत होता, पण त्या खुशीत होत्या.

“सर, मी येऊन राहिले!”

हा प्रयोग पुण्याच्या शिक्षिकेनं शिकवलेला नव्हता. अस्सल आपल्याकडचा. माझ्यातला मास्तर क्षणभर सुखावला. (नको तिथं सुखावायची त्याला खोड आहे.) मग भानावर येऊन विचारलं, “कुणासोबत आहात?”

“अक्कांसोबत. तुम्ही येता ना?”

“आम्ही इथंच थांबलोय. तुम्ही या. लवकर या!”

“हाव,” म्हणाल्या आणि फोन तुटला. मी मंगलला विचारलं, कुठली अक्का? ती म्हणाली, मला काय माहीत, इथं समद्याच अक्का हायत. ते खरं होतं. मी पायऱ्यांवर नजर टाकली तर शेदोनशे अक्का चढत-उतरत होत्या.

चार वाजले. मी मनाशी ठरवलं, आता पोलिसात जायचं. तक्रार मनातल्या मनात लिहूनही पाहिली. हरवलेल्या व्यक्तीचं नाव, उर्सुला ऊर्फ उर्मिलाबाई. नातं, अजून ठरायचंय. अखेरचं कुठं पाहिलं, पाहिलं नाही, भाषण करत होतो. हे असं लिहून द्यायची मला लाज वाटायला लागली, पण लाजेपेक्षा भीती मोठी होती. मी देवीच्या दिशेनं हात जोडले आणि म्हणालो, बाई सुखरूप सापडू दे, लग्न कुणाशी का होईना, मी अक्षता टाकतो. एवढं म्हटलं आणि फोन वाजला. बाईच!

“सर, तुम्ही कुठे आहात?” या वेळी आवाजात काळजी होती.

“मी कुठं आहे ते सोडा. तुम्हाला आसपास काय दिसतंय ते सांगा.”

“केळी.”

माझ्या जिवात जीव आला. “म्हणजे प्रसादाच्या दुकानांपाशी आहात. तिथंच उभ्या राहा, हलू नका. दुकानाची पाटी वाचा.”

“दुकान नाही सर. झाडं. केळीची झाडं. इकडे झाडं, तिकडे झाडं, खूप...” आणि फोन बंद पडला.

मी खाली बसलो. माहूरगडावर केळीची बाग कुठून आली? मुजीबभाई इतका वेळ बॉनेटला टेकून उभे होते. त्यांनी कान खाजवला आणि सावकाश म्हणाले, “सर, केले के इत्ते झाडां तो अर्धापूर में रहते.”

आता तुम्हाला खरं सांगायला हरकत नाही. ‘केळीच्या बागांसाठी ओळखलं जाणारं गाव, अर्धापूर.’ हे वाक्य मी बत्तीस वर्षं वर्गात घोकून घेतलं. रिकाम्या जागा भरा, एक गुण. ज्यांना आलं नाही त्यांना बाकावर उभं केलं. आणि ऐन परीक्षेच्या वेळी माझी रिकामी जागा मुजीबभाईंनी भरली.

“अर्धापूर?” मी ओरडलो. “शंभर किलोमीटर हाय इथून! तिथं कशाला जातील त्या?”

मंगल एकदम गप्प झाली. लग्नाला तेहतीस वर्षं झाली, मला तिचं बोलणं कळत नाही पण गप्प बसणं बरोबर कळतं. “काय झालं?” मी विचारलं.

“त्या गिरजाक्का रांगेत म्हनल्या, आमच्या मळ्यात या, केळी खायला,” ती पदराशी खेळत म्हणाली. “म्या म्हनलं, येऊ की.”

“मग मला का न्हाई सांगितलं?”

“सांगायचं काय त्यात? येऊ म्हनलं की खरंच यायचं असतंय व्हय?”

मुजीबभाईंनी गाडी सुरू केली. पैनगंगा ओलांडून आम्ही हदगावच्या रस्त्याला लागलो. आतून मला हलकं वाटायला लागलं होतं. बाई डोंगरावर नव्हत्या, दरीत नव्हत्या, केळीच्या बागेत होत्या. केळीच्या बागेत माणसाचं वाईट होऊन होऊन काय होणार? घसरून पडेल. वाटेत शिवानीचा सहावा फोन आला. आधी बाईंना डोळ्यांनी बघू, मग घेऊ, म्हणून तोही मी कापला.

दिवेलागणीला अर्धापुरात पोचलो. कुठं विचारायचं या चिंतेत मी काच खाली केली, तर पानटपरीवरचा माणूसच म्हणाला, “जर्मनवाल्या बाईचे पाव्हणे व्हय? सरळ जा, उजव्या अंगाला गिरजाक्काचा मळा.” सगळ्या गावाला आमचा पत्ता होता. तो फक्त आम्हाला नव्हता.

मळ्यात बाजेवर एक बाई पाठमोऱ्या बसल्या होत्या. हिरवं लुगडं, डोक्यावर पदर, पुढ्यात केळीच्या सालींचा ढीग. मी धापा टाकत जवळ गेलो. “ओ मावशी,” म्हटलं, “इथं एक गोऱ्या बाई आल्यात का? फॉरेनच्या? उर्मिलाबाई नावाच्या?”

मावशी वळल्या. तोंड विड्यानं लाल, कपाळभर कुंकू, निळे डोळे.

“सर,” त्या म्हणाल्या, “आलात एकदाचे!”

मी बाजेच्या कडेला बसलो आणि माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. त्यांनी एक केळ सोलून माझ्या हातात दिलं. मी रडत रडत ते खाल्लं. इतकं गोड केळ मी त्याआधी खाल्लं नव्हतं आणि नंतरही नाही.

मग हळूहळू उलगडा झाला. बांगड्यांच्या दुकानापाशी गिरजाक्कांनी त्यांना विचारलं होतं, “येता का वो?” म्हणजे आमच्यासंगं येता का. उर्मिलाबाईंच्या वहीप्रमाणं त्याचा अर्थ, ‘निघालात का?’ त्यांनी नम्रपणे उत्तर दिलं, “हाव, येते.” म्हणजे हो, निघते. गिरजाक्कांनी हाताला धरून पलीकडच्या वाटेनं खाली नेलं आणि जीपमध्ये बसवलं. बाईंना वाटलं, मंगलच्या बहिणींची गाडी दिसते. ड्रेसला विड्याचे डाग पडलेले, म्हणून मळ्यात पोचल्यावर अक्कांनी स्वतःचं लुगडं नेसवलं.

“पण मी फोनवर इतक्यांदा ‘या, या’ म्हणत होतो!” मी म्हणालो.

त्यांनी वही काढून त्या पानावर बोट ठेवलं. “इथे ‘जाणे’ म्हणजे ‘येणे’. तुम्ही म्हणालात, या. म्हणजे जा. सावकाश जा. नंतर म्हणालात, लवकर जा. मी गेले.” थोडं थांबून त्यांनी विचारलं, “माझी चूक झाली का?”

वही माझ्या शिकवणुकीची होती. मी मान खाली घातली आणि नाही म्हणालो.

गिरजाक्का मात्र ऐकणाऱ्यांतल्या नव्हत्या. “दोन घंटे झाले वाट बघून राहिलो,” त्या मंगलला म्हणाल्या. “येऊ येऊ म्हनता अन् येत न्हाई. ही बाई बघा, परक्या मुलखातली. येते म्हनली अन् आली.” मंगलनं गुपचूप चूल गाठली आणि भाकऱ्या थापायला बसली.

तेवढ्यात शिवानीचा सातवा फोन आला, व्हिडिओचा. आता मी तो ऐटीत उचलला. “बोल बाळ! ह्या बघ आई, माझ्या शेजारीच!”

“अप्पा, फोन का कापत होतात?” ती रडवेली झाली होती. “आई दुपारपासून मला फोटो पाठवतायत. जीपचे, नदीचे, केळींचे. तुम्ही म्हणालात, देवीपुढे बसल्यात, आणि इकडं माझ्या हातात त्यांचा हदगावचा चहाचा फोटो! पहिल्यांदा हसू आलं. पण मग त्यांचा मेसेज आला, आम्ही पोचलो, तुझे वडील मागे राहिलेत, सापडत नाहीत. मी तुम्हाला पत्ता द्यायला फोन करते तर तुम्ही उचलत नाही. मला वाटलं, तुम्हालाच काही झालं.”

म्हणजे चार वाजेपर्यंत ज्या पत्त्यासाठी मी देवीला साकडं घालत होतो, तो माझ्या खिशात वाजत होता आणि मी बोटानं तो बंद करत होतो! “चुकलं माझं,” मी म्हणालो. “आजचंही आणि त्या चार महिन्यांचंही.” पलीकडं तिनं डोळे पुसले, इकडं मी पुसले. मंगल म्हणाली, चुलीचा धूर झालाय.

उर्मिलाबाईंनी फोन माझ्या हातातून घेतला आणि शिवानीशी जर्मनमध्ये बरंच बोलल्या. मध्येच माझ्याकडं बघायच्या, मान हलवायच्या. मला वाटलं, झालं, मोडलं लग्न. मग शिवानी हसत हसत म्हणाली, “अप्पा, आई म्हणतायत, लग्न लातूरलाच करायचं. जर्मनीत केलं तर तुम्ही तिथं पोचाल याची त्यांना खात्री वाटत नाही.”

लग्न महिन्यावर आलंय. घरच्या ग्रुपवर कामांची यादी पडली आहे. मंडप, आचारी, पाव्हण्यांची सोय, जो तो आपलं नाव घालतोय. मी मोठ्या उमेदीनं ती वरपासून खालपर्यंत वाचली. माझं नाव एकाच ठिकाणी आहे, अगदी शेवटी, विहीणबाईंनी स्वतः टाईप केलेलं, ‘अप्पांना हाताला धरून मांडवात आणणे: उर्मिलाबाई.’